द्राक्षांच्या पट्टीचा जुना कोड कांद्यासाठी वापरावा का?

प्रश्न (सातपूर, नाशिक)
नमस्कार. तीन वर्षांपूर्वी पिंपळगाव बसवंत येथील एका द्राक्ष व्यापाऱ्यासाठी मी पायथनमध्ये हिशेबपट्टीचा प्रोग्राम लिहिला होता. क्रेटचे वजन घेणे, त्यातून रिकाम्या क्रेटचे वजन वजा करणे, किलोच्या भावाने रक्कम काढणे आणि कपाती वळत्या करून शेतकऱ्याची पट्टी छापणे, एवढे त्याचे काम आहे. आता लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यालाही तसाच प्रोग्राम हवा आहे. मात्र तेथे ट्रॉली भुईकाट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलली जाते व भाव क्विंटलचा असतो. जुन्या फाइलची नक्कल करून तीत बदल करावेत, की सामाईक भाग वेगळा काढावा?

उत्तर १ (कॉलेज रोड)
सामाईक भाग वेगळा काढावा. नक्कल केल्यास आज काम लवकर उरकेल, परंतु पुढे कपातीत चूक सापडली की ती दोन ठिकाणी दुरुस्त करावी लागते आणि त्यातले एक ठिकाण हमखास राहून जाते. निव्वळ वजन कसे मिळाले, हे पट्टी काढणाऱ्या फंक्शनला कळण्याची गरजच नाही. त्याला निव्वळ किलो, भाव आणि भावाचे एकक एवढेच द्यावे. भरलेली ट्रॉली ४,८६० किलो, रिकामी २,२४० किलो, म्हणजे माल २६.२० क्विंटल, आणि १,८५० रुपये भावाने ४८,४७० रुपये: एवढे एक उदाहरण चाचणी म्हणून लिहून ठेवले, तरी किलो-क्विंटलचा घोळ पहिल्याच दिवशी उघडा पडेल.

उत्तर २ (इंदिरानगर)
वरील सल्ला योग्यच आहे, पण त्याआधी जुन्या कोडमधील प्रत्येक अट वाचावी असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलेले होते आणि तेथे ते चोख चालत असे. नव्या रॉकेटचा आडवा वेग मात्र सुरुवातीलाच बराच अधिक होता. त्यामुळे ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत, म्हणजे ३२,७६७ या कमाल मर्यादेत मावली नाही. राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर असल्याने तोही बंद पडला. विशेष म्हणजे तो भाग एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. जुन्या रॉकेटच्या गरजेपोटी तो चालू राहिला होता. आपल्या कोडमध्येही द्राक्षांपुरती खरी असलेली एखादी मर्यादा असेल, ती शोधावी.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचेही मनापासून आभार. तशी अट खरोखरच सापडली. एका नोंदीचे वजन १०० किलोंहून अधिक असल्यास ती टंकनाची चूक समजून मी गुपचूप शून्य धरत होतो. क्रेटसाठी ते चालून गेले, पण कांद्याची प्रत्येक ट्रॉली शून्य रुपयांची ठरली असती. ती अट आता क्रेटच्या फंक्शनमध्ये हलवली असून तेथेही शून्य न धरता प्रोग्राम वजन पुन्हा विचारतो. गेल्या हंगामातील द्राक्षांच्या पट्ट्या नव्या कोडमधून परत काढल्या, त्या रुपयाला रुपया जुळल्या. कांद्याच्या हाताने लिहिलेल्या जुन्या पट्ट्या व्यापाऱ्याकडून मागवल्या आहेत. त्या जुळेपर्यंत प्रोग्राम त्यांच्या हाती देणार नाही.