मतलेखाची सुरुवात आणि शेवट जमत नाहीये, सल्ला हवाय

पायवाट:
नमस्कार मंडळी. वर्षभरात सात लेख पाठवले, दोन छापून आले, पाच परत. मधला भाग चांगला असतो असं वाचणारे सांगतात, मुद्दे असतात, माहिती असते, पण सुरुवातीलाच लोक सोडून देतात आणि शेवटाला आलो की मला काय लिहावं तेच सुचत नाही. आत्ताचा लेख पादचाऱ्यांच्या सिग्नलवर आहे. पहिलं वाक्य असं: "आजच्या धकाधकीच्या जीवनात रस्ते सुरक्षा हा अत्यंत महत्त्वाचा विषय बनला आहे." आणि शेवट: "तेव्हा प्रशासन व नागरिक या दोघांनीही आत्मपरीक्षण करण्याची वेळ आली आहे." दोन्ही बेचव आहेत हे मलाही कळतंय, पण त्या जागी काय घालू? ८०० शब्दांची मर्यादा आहे, सोमवारी द्यायचाय.

निळी शाई:
प्रश्नाने सुरुवात करा, माझं तरी नेहमी काम होतं. "तुम्ही कधी रस्ता ओलांडताना घाबरलात का?" असं काहीतरी.

जुना डेस्क:
निळी शाई, मी इथे असहमत आहे. संपादकीय पानावर बरीच वर्षं लेख निवडायचं काम केलंय, "तुम्ही कधी..." वाला प्रश्न आला की वाचणारा मनातल्या मनात "नाही" म्हणतो आणि पुढच्या लेखावर जातो. प्रश्नाला माझा विरोध नाही हां. १८९७ साली 'केसरी'त "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" हा मथळा आला, तो प्रश्नच होता की. पण तो कोणाला विचारलाय ते बघा, कधी विचारलाय ते बघा. प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेल्यानंतर पुण्यात धरपकड आणि दडपशाही चालू होती आणि प्रश्न थेट सत्तेच्या तोंडावर होता. विचारणाऱ्याला त्यासाठी किंमत मोजावी लागू शकत होती, म्हणून त्याला धार आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच अडचणीत आणत नाही त्याने लेख सुरू करू नये.

पायवाट, तुम्ही एक करा, लेखातला तिसरा किंवा चौथा परिच्छेद इथे टाका. नवशिक्यांचा लेख बहुतेक वेळा तिथे सुरू होतो, वरचे दोन परिच्छेद म्हणजे घसा साफ करणं असतं.

पायवाट:
चौथा टाकतो. "गेल्या महिन्यात आईला घेऊन मी तो चौक ओलांडला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १८ सेकंद होता, मी घड्याळ लावून मोजलं. आई दुभाजकापर्यंत पोचली तेव्हा दिवा लाल झाला आणि समोरच्या गाड्या सुटल्या. दुभाजकाचा लोखंडी पाइप धरून ती उभी राहिली." त्याच्यापुढे मग आकडेमोड आहे, सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात, आणि आईच्या वेगाने ते गणित कसं चुकतं वगैरे.

जुना डेस्क:
अहो हीच सुरुवात! वरचं सगळं उडवा, धकाधकीच्या जीवनासकट. "गेल्या महिन्यात" पण नको, सरळ १८ सेकंदांपासून चालू करा. आणि त्या लोखंडी पाइपाला हात लावू नका, तो पाइप दिसतो म्हणून आई दिसते. फक्त एक लक्षात ठेवा, प्रसंग चार-पाच वाक्यांत संपला पाहिजे आणि लगेच तुमचं मत आलं पाहिजे. सुरुवात इतकी रंगते की लेख कशाबद्दल आहे हे अर्ध्यावर गेल्यावर कळतं, असेही खूप लेख मी परत पाठवलेत. सहावं वाक्य तुमचं म्हणणं हवं: ही वेळ धडधाकट माणसाच्या पायांवरून ठरवलीय.

अर्धविराम:
शेवटाबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी लिहिते. मला शेवट जास्त अवघड वाटतो, कारण तिथे आपण दमलेलो असतो आणि मग हाताशी असलेली वाक्यं येतात, ही काळाची गरज आहे, येणारी पिढी माफ करणार नाही, याचं उत्तर काळच देईल. ही वाक्यं कुठल्याही लेखाखाली चिकटवता येतात, हीच परीक्षा. तुमचा शेवट उचलून पाणीटंचाईवरच्या लेखाला लावून बघा, बसला तर तो तुमचा नाही.

मला फ्रेंच कादंबरीकार झोलाचं ते १८९८ चं जाहीर पत्र आठवतं, द्रेफ्यूस प्रकरणातलं, म्हणजे हेरगिरीच्या खोट्या आरोपात शिक्षा झालेल्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं. सुरुवात राष्ट्राध्यक्षांना उद्देशून, अगदी अदबीने. शेवटाकडे तो एकेका अधिकाऱ्याचं नाव घेऊन आरोप करतो, मग माझ्यावर खटला भरा म्हणतो आणि अगदी शेवटी फक्त एवढंच की मी वाट पाहतोय. सगळं सांगून झाल्यावर चेंडू समोरच्याच्या हातात. तुमच्या लेखात हा चेंडू कोणाच्या हातात द्यायचाय ते आधी ठरवा. "प्रशासन व नागरिक दोघांनीही" म्हणजे कोणाच्याच नाही. आणि मागणी एकच ठेवा, करता येण्यासारखी.

निळी शाई:
ताई, परत सुरुवातीच्या प्रसंगाकडे यायचं नाही का? मला तर तसेच शेवट आवडतात, वर्तुळ पूर्ण होतं.

अर्धविराम:
यायला हरकत नाही, पण मधल्या काळात काहीतरी बदललेलं असलं पाहिजे. सुरुवातीला आई पाइप धरून उभी आणि शेवटीही तशीच उभी असेल तर वाचणाऱ्याला मधल्या ७०० शब्दांतून काय मिळालं? तोच पाइप शेवटी आला आणि आता वाचणाऱ्याला १.२ मीटरचं गणित माहितीय म्हणून राग येतोय, तर मग जरूर या.

जुना डेस्क:
अजून एक, डेस्कवरची गोष्ट. बातमी खालून कापतात, कारण महत्त्वाचं सगळं वर असतं, आणि घाईत तोच हात मतलेखावरही पडतो. शब्दमर्यादा ओलांडलीत तर तुमचा शेवटच जाणार. ८०० सांगितलेत ना, ७६० द्या.

पायवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बसून दोन्ही टोकं नव्याने लिहिली. शब्द ७५० भरले.

सुरुवात: "पादचाऱ्यांचा दिवा १८ सेकंद हिरवा असतो. तेवढ्यात माझी आई दुभाजकापर्यंत पोचते. मग समोरच्या गाड्या सुटतात आणि ती दुभाजकाचा लोखंडी पाइप धरून पुढच्या हिरव्या दिव्याची वाट बघते. तिचं काही चुकलेलं नाही. ही वेळ तिच्या पायांसाठी ठरवलेलीच नाही."

शेवट: "या चौकाला उड्डाणपूल नको, भुयारी मार्ग नको. वाहतूक विभागाने १८ सेकंदांचे ३५ करावेत. त्यासाठी रस्ता खोदावा लागत नाही. तोवर तो पाइप हाच आमच्या चौकातला एकमेव पादचारी मार्ग आहे. आज माझी आई तिथे उभी आहे, उद्या तुमची असेल."

अर्धविराम:
सुरुवात सुरेख झालीय, "तिचं काही चुकलेलं नाही" इथे मी थांबले. शेवटचं वाक्य मात्र काढा. पाइपाचं वाक्य आत जाऊन बसतं आणि लगेच तुम्ही त्याचा अर्थ समजावायला लागता. शिवाय हे वाक्य पाणीटंचाईवाल्या लेखालाही बसतं.

पायवाट:
बसतंय खरं. काढलं. आता ७४१.