एफ सिग्निफिकंट, तरी टूकीत एकही जोडी नाही

अनेक गटांच्या सरासरी एकदम तपासणारी चाचणी म्हणजे एफ (ॲनोव्हा), आणि त्यानंतर गटांच्या जोड्या एकेक करून तपासणारी ती टूकी. ‘एफ सिग्निफिकंट (म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही असा) आला की टूकीत निदान एक वेगळी जोडी सापडतेच, नाही तर आकडेमोड चुकली’ असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. याच समजुतीपायी मी एकदा अख्खी संध्याकाळ डेटा पुन्हा तपासण्यात घालवली आहे. तीन गट घ्या, प्रत्येकी १० जण, सरासरी ५०, ५० आणि ६१, प्रत्येक गटातला व्हेरियन्स (आकडे किती विखुरलेत याचं माप) १००. एफ येतो ४.०३, ५ टक्के पातळीला ३.३५ पुरतो. पण टूकीला जोडीत साधारण ११.१ चा फरक लागतो आणि आपल्याकडे आहे ११. थोडक्यात हुकलं! टूकी फक्त जोड्या बघते. एफच्या नजरेत ‘पहिले दोन मिळून विरुद्ध तिसरा’ ही तुलनाही असते, आणि शेफेने (जोड्यांपलीकडच्या अशा तुलनाही तपासणाऱ्या चाचणीने) ती तपासली तर सिग्निफिकंटच येते. (मात्र ही तुलना डेटा बघून सुचली असेल तर शेफेच वापरा, साधी टी-टेस्ट (एकाच तुलनेसाठीची चाचणी) नको.)

इफेक्ट साइझ (फरक किती मोठा आहे याचं माप) सांगताना कुठला ते लिहा. एकूण विखुरलेपणातला किती वाटा गटांमुळे आहे हे ईटा-स्क्वेअर आणि ओमेगा-स्क्वेअर दोन्ही सांगतात, पण याच आकड्यांवर ईटा-स्क्वेअर ०.२३ येतो, ओमेगा-स्क्वेअर ०.१७. सँपल लहान असलं की ईटा असा फुगतो.