प्रोस्टेट कॅन्सर: दूध-मटण कुणी बंद करायचं? मदत हवी आहे

गंगावेसकर
वडिलांना प्रोस्टेटचा (पुरुषांत मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी) कॅन्सर निघालाय. उपचार चालू आहेत, त्याबद्दल विचारत नाही. घरात म्हशीचं दूध रोजचं, रविवारी तांबडा-पांढरा ठरलेला. पोरगा तालमीत जातो, त्याचा दुधाचा खुराक वेगळा. पाहुणे सांगतात दूध तोडा, मटण तोडा. आईनं वडिलांचं दूध कालपासून बंदच केलंय. लवकर सांगा.

सुहास_शाहूपुरी
वयं काय तिघांची? वडिलांना कितव्या वर्षी निघाला?

टोमॅटोप्रेमी
टोमॅटो तेलात शिजवून रोज खा. त्यातलं लायकोपीन (लाल रंगद्रव्य) असंच अंगी लागतं, कच्च्यातून कमी. शिवाय व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमच्या गोळ्या चालू करा, मी घेतो.

डॉ_पन्हाळकर
गोळ्या नकोत! अमेरिकेत 35 हजारांवर पुरुषांवर ‘सिलेक्ट’ चाचणी झाली. 2011 मध्ये कळलं की नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त. सेलेनियमचाही फायदा दिसला नाही.

टोमॅटोप्रेमी
मला तर काही झालं नाही.

डॉ_पन्हाळकर
एकट्यावरून ठरत नाही, दादा. गंगावेसकर, वडिलांना इंजेक्शन चालू आहे का?

गंगावेसकर
उपचार विचारले नव्हते! बरं, फाइलवर ल्युप्रोलाइड लिहिलंय. वडील 66, यंदाच निघाला. मी 43, पोरगा 16. थोरल्या चुलत्यांनाही होता.

डॉ_पन्हाळकर
मग वडिलांचं दूध आजच परत चालू करा. हे हार्मोनचं इंजेक्शन आहे, त्यानं हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किती हवं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पोराचं काही तोडू नका, वाढीचं वय आहे.

जपायचं तुम्ही. दूध आणि कॅल्शियम फार जास्त घेणाऱ्यांत धोका थोडा वाढलेला काही अभ्यासांत दिसतो, पण दुधानंच झाला असं त्यातून सिद्ध होत नाही. एखादा पेला चालेल, तांब्यानं पिऊ नका. पोट सुटू देऊ नका, लठ्ठपणाचा संबंध पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरशी लागतो. दुसऱ्या कारणानं वारलेल्यांच्या शवविच्छेदनात तिशी-चाळिशीतही प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या बारीक गाठी सापडल्यात. म्हणजे हा रोग वर्षानुवर्षं हळू वाढतो, साठीत पथ्य धरून पुसला जात नाही.

रस्सामंडळ
आणि रविवारचं काय?

डॉ_पन्हाळकर
निखाऱ्यावर करपलेल्या मटणात घातक रसायनं तयार होतात, रश्श्यात शिजलेल्यात फारच कमी. आठवड्याला एकदा, बेतानं.

कट्ट्यावरचा
कोल्हापुरात गंगावेशीत धारोष्ण दूध अजून रात्री मिळतं का?

गंगावेसकर
मिळतं. विषय बदलू नका. मी तपासणी करू का?

सुहास_शाहूपुरी
वडिलांनाच होता म्हणजे तुमचा धोका साधारण दुप्पट. युरॉलॉजिस्टना (मूत्रविकारतज्ज्ञांना) भेटून पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचं विचारा. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल नको, आणि लघवीला जळजळ असेल तर आधी ती बरी होऊ दे, नाहीतर आकडा उगाच चढतो.