बाभळीच्या सरपणासाठी किती सीसीचा चेनसॉ?

प्रश्न (मोहोळ): सध्या ३८ सीसी, १६ इंची बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी). वाळलेल्या बाभळीचे फूटभर जाडीचे ओंडके कापताना मशीन दमतं, भुसा पिठासारखा पडतो. ५८ सीसी घ्यावा का?

बार्शी: पिठासारखा भुसा म्हणजे साखळी बोथट! मशीन बदलण्याआधी धार लावा. पिच (साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) ०.३२५ इंच असेल तर ४.८ मिमीची गोल कानस, ३/८ इंच लो प्रोफाइल (कमी उंचीची साखळी) असेल तर ४ मिमीची. आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच हात. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. तो चपट्या कानशीने उतरवला नाही, तर धार असूनही साखळी लाकूड धरत नाही.

पंढरपूर: धारेचं बरोबर. पण काम रोजचं असेल तर ५०-५५ सीसी, १८ इंची बार घ्याच. २२ इंचीचा मोह नको, ताकद बार ओढण्यातच जाते. स्टिकरवरच्या सीसीपेक्षा किलोवॅट बघा, २.२ च्या पुढे हवेत. बारला जळकं इंजिन ऑइल घालू नका, त्यातल्या कणांनी पंप झिजतो.

प्रश्नकर्ता: पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल किती?

पंढरपूर: मॅन्युअलमध्ये ४०:१ असेल तर लिटरला २५ मिली.

बार्शी: आणि ओंडका घोडीवर (लाकूड उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घ्या. साखळी एकदा मातीत टेकली की धार गेलीच.