मॉकबस्टर, रिप-ऑफ, नक्कल: कशाला काय म्हणायचं?

कोपऱ्यातली खुर्ची:
गाजलेल्या सायफाय हॉररच्या स्वस्तातल्या कॉप्या मी अगदी चवीने बघते. म्हणजे १९७९ चा 'एलियन' तुफान चालला आणि मग जो तो अंतराळयानात एक लिबलिबीत प्राणी सोडायला लागला ना, तसले. इंग्रजीत यांना रिप-ऑफ, मॉकबस्टर वगैरे म्हणतात, आपल्याकडे काय म्हणायचं? 'चोरी' नको, त्यात मजाच उरत नाही. 'ढापलेला' बोलायला ठीक आहे पण तोही शेवटी आरोपच.

रात्रपाळी:
नक्कल म्हणा की! नक्कल म्हणजे वाईटच असं कुठेय, तहसीलमधून सातबाऱ्याची नक्कल काढतो ती चांगली शिक्क्याची असते, नाटकवाले नटाच्या वाटच्या संवादांनाही नक्कलच म्हणतात, आणि गॅदरिंगमध्ये कोणी सरांची नक्कल केली की सरसुद्धा हसतात. हे सिनेमे त्या गॅदरिंगवाल्या अर्थाने, मूळ कोण ते ओळखू आलं तरच मजा. आणि नक्कल करायला अक्कल लागते हे तर आहेच. स्वस्तात सिनेमे काढणारा निर्माता रॉजर कॉर्मन, त्याचा 'गॅलेक्सी ऑफ टेरर' (१९८१) बघा, यानाच्या भिंतींवर जे भारी पॅनेल दिसतं ते बर्गरचे थर्माकोलचे डबे चिकटवून रंगवलेलं आहे! तो सेट उभा करणारा होता जेम्स कॅमेरॉन, ज्याने पुढे १९८६ मध्ये 'एलियन'चा खराखुरा दुसरा भाग 'एलियन्स' केला. तेच सेट कॉर्मनने मोडायच्या आधी परत वापरून 'फॉरबिडन वर्ल्ड' पण काढून घेतला, काटकसर असावी तर अशी.

उगाच_शंका:
रात्रपाळी, नक्कल पटलं पण मॉकबस्टरला नाही चालणार हो. नक्कल मूळ गोष्ट आल्यावर होते. मॉकबस्टरवाले आधीच टपून बसलेले असतात, 'द असायलम' कंपनीने 'स्नेक्स ऑन अ ट्रेन' हा 'स्नेक्स ऑन अ प्लेन'च्या काही दिवस आधीच बाजारात आणला होता (२००६). तिथे मतलब गिऱ्हाईक नावाला फसण्याशी. त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, तोतया. कळस म्हणजे ब्रूनो मात्तेईचा १९८९ चा इटालियन 'शॉकिंग डार्क': गोष्ट सरळ 'एलियन्स'वरून उचललेली, त्यात एक टर्मिनेटर (माणसासारखा दिसणारा मारेकरी यंत्रमानव) घुसवला आणि इटलीत नाव लावलं 'टर्मिनेटर २'. खरा 'टर्मिनेटर २' आला १९९१ ला! भाऊसाहेबांचा तोतया निदान पानिपतानंतर तरी आला होता, हा दोन वर्षं आधीच हजर.

कोपऱ्यातली खुर्ची:
हाहा, तोतया एकदम पसंत. म्हणजे फसवायला काढला तो तोतया, खेळीमेळीत उचलला ती नक्कल. पण मग माझ्या लाडक्या 'कंटॅमिनेशन'चं (१९८०) काय करू? लुइजी कोझीचा, यान कुठे परवडतंय म्हणून 'एलियन'मधली अंडीच पृथ्वीवर आणलीत, न्यूयॉर्कच्या बंदरात कॉफीच्या खोक्यांतून हिरवी अंडी निघतात, फुटली की समोरच्या माणसाचं पोट स्लो मोशनमध्ये फुटतं, सगळं अगदी मन लावून केलेलं. ही तर नक्कलच.

उगाच_शंका:
अहो पण तोच अमेरिकेत 'एलियन कंटॅमिनेशन' नावाने लावला होता :)

रात्रपाळी:
म्हणजे घरी नक्कल, परदेशात तोतया. चालतंय.