शाळेचा निकाल वाचताना वर्गात कोण बसलंय हे बघायचं की नाही?

कृष्णाकाठ:
जिल्हा परिषदेच्या दोन शाळांच्या संकलित चाचणीच्या, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेच्या, सरासऱ्या शेजारी ठेवायच्या आणि एकीला चांगली, दुसरीला बिघडलेली ठरवायचं, हे सांगली-साताऱ्यात सर्रास चालतं. माझं म्हणणं, पट कसा आहे हे पाहिल्याशिवाय ती सरासरी वाचूच नये.

हिशेब मांडून बघा. समजा चौथीत गावातली 10 पोरं, सरासरी 70. पुढच्या वर्षीही 10, गुण तेवढेच, पण नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आणखी 4 आली आणि त्यांची सरासरी 35. म्हणजे 700 अधिक 140, भागिले 14. आले 60. शिकवणं तेच, गावातली पोरं शिकली तितकीच, तरी कागदावर शाळा 10 गुणांनी घसरली. त्यात वर्ग 12 चा असेल तर एक पोरगं म्हणजे 8 टक्क्यांहून जास्त. चाचणीच्या दिवशी एकाला ताप आला तरी आकडा हलतो.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीपुढे निकाल ठेवताना वर्षभर हजर, मधेच आलेली, मधेच गेलेली आणि घरची भाषा वेगळी असलेली, असे चार रकाने सोबत हवेत.

खडूफळा:
हिशेब बरोबर आहे, पण या रकान्यांची मला भीती वाटते. एकदा रकाना पडला की ‘ही तोडकऱ्यांची’ असं म्हणून त्या पोरांकडून अपेक्षाच सोडली जाते. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात जातीचा प्रवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग, दारिद्र्यरेषा या नोंदी आधीपासून आहेतच. त्या योजनांचा लाभ पोचावा म्हणून. तशाच नोंदी उद्या गुणांना जोडून भिंतीवर लावल्या, तर तीन पोरांचा रकाना म्हणजे नाव घेऊन सांगितल्यासारखंच झालं.

निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं उद्दिष्ट दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचणं हे आहे. ते सगळ्या मुलांसाठी आहे, ‘गावातल्या मुलांसाठी’ नाही. वेग का मागतात? जे मूल ‘बैलगाडी’ हा शब्द बै, मग ल, मग गा असा सुटा सुटा लावतं, ते वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. अर्थ लागणार कुठून? त्यावर उपाय रोजचं वाचन. बाप काय करतो याची चौकशी तिथे उपयोगाची नाही.

आणि हे साताऱ्यात कुणी सांगायला नको. 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची, बहुतेक गरिबाघरची पोरं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकून मोठी होत. घर बघून निकाल ठरवला असता तर ते उभंच राहिलं नसतं.

जतपूर्व:
खडूफळा, तुमचा दाखलाच कृष्णाकाठ यांच्या बाजूने जातो. बोर्डिंगने काय केलं? पोरगं शाळेच्या गावात राहील याची सोय केली. आज त्याच कामाला हंगामी वसतिगृह आहे. आईबाप तोडीला गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ राहतं आणि त्याचं जेवण वसतिगृहाकडून होतं. घोडं अडतं ते वेळेवर. उचल, म्हणजे मुकादमाकडची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात. वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरात गेला नाही तर मंजुरी येईतो पोरं फडावर पोचलेली असतात. तिसरी-चौथीतल्या मुली तर हमखास जातात, कारण तोडीत एक ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि पाठचं तान्हं सांभाळायला घरात दुसरं कुणी नसतं.

त्याहून मोठी गोम शिक्षकांच्या संख्येत आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते. तोडीची पोरं ऊसपट्ट्यात, वाळव्याला, कराडला पोचतात नोव्हेंबरात. म्हणजे जिथे ती चार-पाच महिने बसतात तिथे शिक्षक मोजताना ती नसतातच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पटापर्यंत शिक्षक दोन. पाच इयत्ता त्या दोघांत वाटलेल्या, त्यात जेवण, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. अशा वर्गात मधेच आलेल्या पोराला पहिलीच्या अक्षरांपासून धरायला वेळ काढायचा कुणी? हे रकान्याशिवाय दिसणार कसं?

उजळणी:
भाषेच्या रकान्यावर थोडं बोलतो. जतच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी घरं आहेत, कुपवाडच्या कारखान्यांकडे हिंदी. गणितात कमी गुण पडले की पोरगं गणितात कच्चं, असा शिक्का बसतो. एक साधी तपासणी करा. पाटीवर 24 ÷ 6 लिहून द्या. मग ‘24 पेरू 6 मुलांत सारखे वाटले, तर प्रत्येकी किती?’ हे वाचायला द्या. पहिलं जमलं, दुसरं अडलं, तर भागाकार येतोय, ‘प्रत्येकी’ हा शब्द येत नाहीये. मग 6 वाट्या आणि 24 चिंचोके द्यायचे, वाटून घ्यायचं आणि एकेका वाटीवर बोट ठेवत ‘प्रत्येकी चार’ म्हणवून घ्यायचं. ‘उरले’, ‘एकूण’, ‘कितीने जास्त’ यांचंही तसंच. उपाय पाढे घोकण्याचा केला तर महिना वाया.

खडूफळा:
हे पटलं. पण मग पातळीऐवजी प्रगती मोजा ना. जुलैची पायाभूत चाचणी आणि एप्रिलची संकलित दोन, यांतला फरक. कुणाला रकान्यात बसवायची गरजच उरत नाही.

कृष्णाकाठ:
तिथेच तर ही पोरं गळतात. फरक काढायला एकाच मुलाच्या दोन्ही चाचण्या एका शाळेच्या हातात लागतात. तोडीच्या पोराची जुलैची चाचणी आपल्या गावी, माण तालुक्यात नाहीतर बीडला, मधली बुडालेली, एप्रिलची कुठे होईल ते कारखान्याचा पट्टा कधी पडतो, म्हणजे गाळप कधी संपतं, त्यावर. दोन्ही गुण नाहीत म्हणून ते हिशेबातूनच वगळलं जातं आणि प्रगतीची सरासरी छान दिसते. तुम्हाला शिक्क्याची काळजी आहे, मला ते मूल मोजलंच जाणार नाही याची.

जातीचा प्रवर्ग गुणांना जोडू नये, हे मात्र मान्य. पाचांपेक्षा कमी मुलं असलेला रकाना भिंतीवर लावायचा नाही, फक्त समितीत बघायचा, हेही मान्य.

जतपूर्व:
मग स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या शाळेत दाखवायला देतात त्या शिक्षण हमी कार्डापासून सुरुवात करा. गाव सोडताना मुलाला ते मिळायला हवं, पण नुसती इयत्ता लिहून भागत नाही. मागच्या बाजूला तीन ओळी हव्यात: वाचन अक्षर, शब्द, वाक्य की गोष्ट यांपैकी कुठवर आलंय, हातच्याची वजाबाकी जमते का, आणि पुस्तकाचा कुठला पाठ चालू होता. वाळव्याच्या बाईंचे ओळख करून घेण्यातले पंधरा दिवस वाचतील.

खडूफळा:
तीन ओळींना माझी हरकत नाही. रकान्यांना अजून आहे.