कोय कलम: आधी चाकू की आधी कागद?

रातांबा: पाऊस लागला, दापोली-रत्नागिरीकडे आंब्याच्या कोय कलमांची घाई सुरू: कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, खाचेत हव्या त्या जातीची काडी बसवून प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. नवशिक्याला आधी कागदावर पाठ द्यायचा की थेट चाकू? माझं मत चाकूलाच. पाचर, म्हणजे काडीचं तासलेलं टोक, सपाट उतरली की नाही, ते बोटालाच कळतं.

वाफा: चाकू द्या, पण कलमकाडीवर नको, ती फुकट येत नाही. छाटणीच्या काड्यांवर आधी पन्नास पाचरी मारून घ्या. ४-५ सेंमीचा उतार दोन्ही बाजूंनी, शक्यतो एका ओढीत. खरवडत बसलं की मधे फुगवटा राहतो. खाचेत बसवून उजेडाकडे धरा, फट दिसेल. तिथे पाणी शिरलं की जोड काळा पडलाच.

देठ: हाताचं कौतुक पुरे. बरीच कलमं चाकूने मरत नाहीत, वयाने मरतात. कोयीचं रोप १०-१५ दिवसांचं हवं, पानं अजून तांबूस. पानं हिरवी आणि खोड कठीण झालं की कसलेल्या माणसाचीही कलमं जातात. काडी ३-४ महिन्यांची, पेन्सिलीएवढी. ८-१० दिवस आधी झाडावरच पानं कापून देठ ठेवायचे. बोट लावताच देठ गळला की काडी तयार. एवढं कागदावर मावतं. अंदाजाने शिकायला दोन पावसाळे जातील.

रातांबा: पेन्सिलीएवढी, बरं. आणि खुंट काडीपेक्षा जाड निघाला तर? काडी मधोमध बसवली की दोन्हीकडची साल चुकते. एका कडेला साल सालीला लावायची, कारण जोड सालीखालच्या पातळ ओल्या थरातूनच धरतो. कागदावर आहे हो हे, पण पट्टी ओढताना काडी सरकते ती कागदावर सरकत नाही.

वाफा: पट्टी दीड-दोन सेंमी रुंद. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, कौलांसारखा. वरून खाली गुंडाळलीत तर प्रत्येक वेढ्यात पाणी.

देठ: हात चूकसुद्धा शिकतो, त्याचं काय? तीन आठवड्यांनी कोंब फुटला की नवशिका खूश. काडीतल्या साठ्यावरही कोंब येतो. जोड धरला नसेल तर पानं पसरताना मान टाकतो. तोवर त्याने त्याच चुकीची दोनशे बांधलेली असतात. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी हवी: तारीख, पानांचा रंग, बांधणारा कोण.

रातांबा: चिठ्ठी मान्य, शाई मात्र पावसात टिकणारी घ्या. पण मेलेलं कलम फेकू नका. पट्टी सोडून जोड उभा चिरून नवशिक्याच्या हातात द्या. फुगवटा की सरकलेली साल, तिथेच दिसतं.

देठ: आणि दोन्ही ठीक असेल, तर चिठ्ठीवरचा पानांचा रंग बघा.